डेलियाचं कटिंग नागपुरात जमतं का? (पहिल्यांदाच करतेय, सांभाळून घ्या)

कुंडीतली_अबोली | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत निघणारी आमची मिरवणूक) गेली, पाऊस मात्र जायचं नाव घेत नाहीये. गॅलरीत एक चांगली गोष्ट घडली आहे म्हणून धागा काढतेय.

गेल्या थंडीत नर्सरीतून फुलावर आलेला डेलिया आणला होता. गडद लाल, एकेक फूल नाश्त्याच्या ताटलीएवढं. मार्च लागला आणि झाडाने मान टाकली. कुंडी फेकायचाही कंटाळा, म्हणून पलंगाखाली सरकवली आणि विसरले. पोळ्याच्या आधी घर झाडताना सापडली. सहज पाणी घातलं, आणि दहा-बारा दिवसांत पाच कोंब! आज सगळ्यात उंच कोंब साडेतीन इंचांचा आहे.

आता शेजारच्या काकूंना एक झाड, बहिणीला एक झाड असं कबूल करून बसले आहे. पण गेल्या जानेवारीत याच झाडाच्या दोन फांद्या कापून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या होत्या. आठ दिवसांत पाण्याला वास आणि देठ खालून पिळपिळीत. तेव्हापासून ब्लेड हातात घ्यायची हिंमत होत नाही.

कोणता कोंब कापायचा, कशात लावायचा, ती मुळ्या फुटायची पावडर आणावीच लागते का? मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरी पूर्वेला आहे.

खारीकखोबरं | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

पावडर कशाला, मधात बुडवून लावा. नाहीतर कोरफडीचा गर. मी गुलाबाला दालचिनीसुद्धा लावते.

वऱ्हाडी_ठेचा | १२ सप्टेंबर, रात्री १०:३२

मध, दालचिनी, कोरफड... कटिंग लावून राहिले का काढा करून राहिले बापा? :-)

रेतीमाती | १३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

अबोलीताई, अभिनंदन. कंदाने नागपूरचा मे महिना काढला म्हणजे अर्धं काम तुमच्या कंटाळ्याने करून टाकलं. बाकीचं अर्धं सोपं आहे.

आधी जानेवारीतली फांदी काहून सडली ते समजून घ्या. डेलियाची जून फांदी आतून पोकळ असते, एरंडाच्या नळीसारखी. ती कापून पाण्यात ठेवली की नळीत पाणी भरतं आणि देठ आतून सडतो. त्यात ती फुलावर आलेली फांदी, तिचं सगळं लक्ष फुलात. मुळ्या फोडायचा तिचा काळ निघून गेलेला. तेव्हा दोष तुमच्या हाताचा नाही, फांदीच्या वयाचा.

कोंब हवा तीन-साडेतीन इंचांचा, पानांच्या दोन-तीन जोड्या असलेला. चिमटीत धरला तर भरीव लागला पाहिजे. कापल्यावर मधे भोक दिसलं तर तो बाद.

कापताना कोंब पार मुळापासून काढू नका. पानांची खालची एक जोडी कंदावरच राहू द्या. त्या दोन पानांच्या बगलेतून पुन्हा फुटवे येतात आणि पंधरा दिवसांत कटिंगची दुसरी खेप मिळते. एका कंदापासून दहा-बारा झाडं होतात ती अशी. कात्री वापरू नका, ती देठ चेंगरते. नवीन ब्लेड आणा, स्पिरिटने पुसा आणि पेराच्या (पानं फुटतात त्या गाठीच्या) अगदी खाली कापा. मग खालची पानं खुडून टाका. वरची पानं फार मोठी असतील तर अर्धी कापली तरी चालतं, तेवढंच पाणी कमी उडतं.

माती: निम्मी धुतलेली रेती, निम्मं कोकोपीट. आमच्याकडे कन्हान नदीची जाड रेती असते, ती उत्तम. खत अजिबात नको. आपली काळी माती तर मुळीच नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगा पडून कोवळ्या मुळ्या तोडते. मिश्रण मुठीत दाबलं तर लाडू वळावा, पण पाणी गळू नये.

काडीने आधी भोक पाडा आणि मग कटिंग ठेवा, कोंब तसाच खुपसू नका. निदान एक पेर मातीच्या आत गेलंच पाहिजे. काहून ते सांगतो. मुळ्या पेराच्या वर-खाली कुठूनही येतील, पण पुढच्या वर्षी कोंब फुटायचे डोळे त्या गाडलेल्या पेरावरच येणार. पेर वर राहिलं तरी यंदा झाड होतं, फूल येतं, खाली कंदही धरतो. फक्त तो कंद पुढच्या वर्षी फुटत नाही. मी तीन वर्षं असे आंधळे कंद जपून ठेवले आणि दर ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे टक लावून बसलो.

वरून प्लास्टिकची पातळ पन्नी, सावलीची जागा. तुमच्या पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं ऊन थेट पन्नीवर पडेल, तिथे ठेवाल तर कटिंगची वाफवलेली भाजी होईल. आत ठेवा, उजेड पाहिजे पण ऊन नको.

पावडर असेल तर चिमूटभर लावा, जास्तीची झटकून टाका. नसली तरी डेलियाचं काही अडत नाही, कोवळा कोंब आपसूक मुळ्या धरतो. मध पोळीला लावा.

खारीकखोबरं | १३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

काका, मधावर इतका राग बरा नव्हे. पण मुद्दा कळला.

पुणेरी_माळी | १३ सप्टेंबर, दुपारी १२:२०

मी जूनमध्येच कटिंग उरकतो. सप्टेंबर म्हणजे फार उशीर. शिवाय बारीक वाळू चालते की, जाडच कशाला?

रेतीमाती | १३ सप्टेंबर, दुपारी ३:१०

पुणेरीदादा, तुमच्याकडे जून म्हणजे पावसाळी गारवा. आमच्याकडे पाऊस टेकेपर्यंत जूनमध्येही पारा ४२ च्या आसपास खेळत असतो. जूनचं झाड इथे जगलंच तर फुलावर येतं ऐन ऑक्टोबर हिटमध्ये, आणि फूल उमलायच्या आत कडेने करपतं. म्हणून आम्ही मागून मोजतो. डेलियाचं फूल आम्हाला हवं डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. कुंडीत गेलेल्या रोपाला फुलावर यायला अडीच-तीन महिने, त्याआधी मुळ्या फुटायला दोन-तीन आठवडे. म्हणजे कटिंग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आणि तेव्हा कोंब हाताशी पाहिजेत म्हणून कंदाला पाणी दाखवायचं ऑगस्टमध्ये. ताईंनी घर झाडायचा मुहूर्त नेमका साधला.

बारीक वाळू दगडासारखी बसते, मुळांना हवा मिळत नाही. जाड रेती घ्या. (वाळू म्हणा, रेती म्हणा, मुळ्यांना फरक पडत नाही.)

हरितद्रव्य | १३ सप्टेंबर, रात्री ९:००

अ‍ॅग्रीला (कृषी महाविद्यालयात) होतो, म्हणून थोडी भर घालतो. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या उंच पठारांवरचा. दिवसा ऊन असलं तरी तिथल्या रात्री गार. १७९१ मध्ये माद्रिदच्या बागेत आलेल्या झाडावरून कावानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि स्वीडनच्या आंद्रेस डाल यांचं नाव त्याला दिलं. आपल्या कामाची गोष्ट मात्र दिवसाच्या लांबीची आहे. दिवस १२ तासांच्या खाली गेला की डेलिया पानं-फांद्या वाढवायचं सोडून कंद भरायला लागतो. नागपुरात हे सप्टेंबर संपताना सुरू होतं आणि डिसेंबरच्या शेवटी दिवस ११ तासांहूनही थोडा लहान असतो. म्हणून लवकर लावलेलं कटिंग आधी अंग धरतं आणि मग फुलतं. उशिराचं कटिंग लहानपणीच म्हातारं होतं. काही नर्सरीवाले संध्याकाळी दोन-तीन तास बल्ब लावून दिवस लांबवतात तो याचसाठी.

दुसरं म्हणजे बी पेरून तुमचा गडद लाल डेलिया मिळणार नाही. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, बियांतून काय निघेल याचा नेम नाही. कटिंग म्हणजे तेच झाड. पण तेच झाड म्हणजे त्याच्या रोगासकट. मूळ झाडाच्या पानांवर फिकट पिवळे पट्टे किंवा शिरांच्या कडेने पिवळेपणा असेल तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. अशा कंदाचं कटिंग करून शेजारी वाटू नका.

कुंडीतली_अबोली | १३ सप्टेंबर, रात्री १०:४५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पानं हिरवीगार आहेत, तपासली. आज चार कोंब कापले, पाचव्याला हात थरथरला म्हणून तो ठेवला. चारही भरीव निघाले. आईस्क्रीमच्या डब्याला भोकं पाडून लावलेत, वर पन्नी, आणि डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत सांबाराच्या कुंडीशेजारी.

पुणेरी_माळी | १३ सप्टेंबर, रात्री ११:०२

सांबाराची कुंडी?!

वऱ्हाडी_ठेचा | १३ सप्टेंबर, रात्री ११:०६

कोथिंबीर हो दादा, कोथिंबीर. इडलीसोबतचा नाही. नागपूरच्या धाग्यावर येता तर शब्दकोश सोबत ठेवत जा.

कुंडीतली_अबोली | २१ सप्टेंबर, सकाळी ११:३०

वाईट बातमी. घरी महालक्ष्म्या होत्या. चार दिवस डब्याकडे बघायलाही फुरसत झाली नाही. पन्नी बंदच, बाहेर पाऊस. आज उघडलं तर दोन कटिंग मातीलगत काळी पडून आडवी. उरलेली दोन उभी आहेत, पण पानं मलूल. पन्नीच्या आत थेंबांचा नुसता पडदा. पाणी कमी पडलं का?

रेतीमाती | २१ सप्टेंबर, दुपारी १:१५

कमी नाही, जास्त झालं. मातीलगत काळं पडणं म्हणजे बुरशी. पन्नी ओलावा टिकवायला असते, कोंडून मारायला नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं उघडी ठेवा आणि आतले थेंब पुसा. पावसाची झड लागली असेल तर दिवसातून तासभर उघडी राहिली तरी चालेल. मेलेली दोन कटिंग भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून टाका, नाहीतर बुरशी शेजाऱ्याला धरते. वरून कोरड्या रेतीचा पातळ थर द्या. आता दोन-तीन दिवस पाणी बंद.

उभी आहेत त्यांची आशा सोडू नका. पहिला आठवडा पानं मलूल दिसणारच, प्यायला तोंडच फुटलेलं नाही अजून. शेंडा ताठ असला म्हणजे पुष्कळ.

वऱ्हाडी_ठेचा | २१ सप्टेंबर, दुपारी १:४०

पुढच्या मारबतीला ओरडा, बुरशी घेऊन जा गेऽऽ मारबत!

कुंडीतली_अबोली | ३० सप्टेंबर, रात्री ८:२०

आली!! दोघांच्या शेंड्यात नवीन पोपटी पान आलंय. डब्याच्या भोकातून एक पांढरी मुळीही डोकावतेय. आज १७ वा दिवस.

आणि काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कापलेल्या चार खुंटांतून जोडीजोडीने फुटवे आलेत. त्यांतले चांगले चार आणि तो राहिलेला पाचवा कोंब, अशी पाच कटिंग आज नव्या रेतीत लावली. कोंब आता उंच झाला होता, म्हणून फक्त शेंड्याकडचे तीन इंच घेतले. खालचा भाग खरंच पोकळ होता! यावेळी पन्नीऐवजी पाण्याच्या बाटलीचं बूड कापून टोपी केली. झाकण उघडलं की हवा, लावलं की बंद.

रेतीमाती | ३० सप्टेंबर, रात्री ९:०५

बाटलीची युक्ती पन्नीपेक्षा सरस. मी आता म्हातारपणी बाटल्या जमवतो.

कुंडीतली_अबोली | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

कबुलीजबाब. पाचातल्या एकाला मुळी आली का ते बघायला हळूच ओढून पाहिलं. आली होती. आता तुटली.

खारीकखोबरं | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

हे आपण सगळेच करतो. मी तर दर तीन दिवसांनी उपटून बघायचे आणि वर म्हणायचे, माझ्या हाताला गुण नाही.

हरितद्रव्य | १२ ऑक्टोबर, रात्री ८:१०

ओढायचं नसतं. बोटाने किंचित डोलवून बघा, रेती धरून राहिलं तर मुळ्या आहेत. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे नवीन पान. पहिली दोन आता हलवा. एकदम मोठ्या कुंडीत नको, आधी चार इंची पिशवीत, आणि तीन-चार दिवस सावली, मग कोवळं ऊन. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन दाखवाल तर चार आठवड्यांची मेहनत तीन तासांत जाईल. हिरवी जाळी असेल तर बांधा.

कुंडीतली_अबोली | २० ऑक्टोबर, दुपारी ४:००

दसऱ्याच्या शुभेच्छा! पहिली दोन १२ इंची कुंडीत गेली. बाकीची चारही धरली, ती पिशवीत आहेत. म्हणजे एकूण सहा. काकू आणि बहीण, दोघींचा शब्द राहिला. मिश्रण: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती, मूठभर निंबोळी पेंड.

रेतीमाती | २० ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

काठी आत्ताच रोवा. डिसेंबरात झाड वाकलं की घाईघाईने खुपसलेली काठी नेमकी कंदातून आरपार जाते. पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, चार फांद्या येतील. एकच ताटलीएवढं फूल पाहिजे असेल तर शेंडा ठेवा आणि बाजूचे फुटवे काढत जा. प्रदर्शनवाले तसंच करतात. मला स्वतःला चार मध्यम फुलं आवडतात. एका भल्यामोठ्या फुलाकडे पाहून झालं की पुढे करायचं काय? युरिया कोणी देऊ म्हटलं तर नको म्हणा, नुसता पाला माजतो.

वऱ्हाडी_ठेचा | १९ नोव्हेंबर, रात्री १०:००

उशिरा जाग आली. अमरावतीत मामाकडे डेलियाला कोंब दिसले. आत्ता कटिंग लावू का जी? का गाडी सुटली?

हरितद्रव्य | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

फुलासाठी सुटली. मी एकदा डिसेंबरात लावलं होतं. वीतभर झाड, त्यावर एकच कळी, आणि मार्चच्या उन्हाने तीही वाळवली. पण लावा. लहान दिवसांत ते झाड खाली सुपारीएवढे दोन-तीन कंद नक्की धरेल, आणि पुढच्या ऑगस्टला तेच तुमचं भांडवल. फक्त पेर गाडायला विसरू नका, काकांचे आंधळे कंद आठवा.

कुंडीतली_अबोली | २३ डिसेंबर, सकाळी ९:१५

पहिल्या कुंडीत कळ्या! बोराएवढ्या, सात आहेत. पण शेंड्यावर काळे-हिरवे किडे चिकटलेत, आणि रात्री थंडीही मरणाची पडतेय. झाड आत घेऊ का?

रेतीमाती | २३ डिसेंबर, सकाळी १०:००

तो मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेलाचे दोन-चार थेंब साबणाच्या पाण्यात, संध्याकाळच्या वेळी. कळ्या उमलल्यावर तेल नको, पाकळ्यांवर डाग पडतात.

थंडीला घाबरू नका, ८-१० अंश त्याला मानवतात. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी नागपूर ३.५ वर गेलं होतं, तेव्हा मात्र माझ्या गच्चीवरच्या झाडांचे शेंडे काळे पडले. तेवढं खाली जायला लागलं तर रात्री जुनी चादर टाका. आत आणून खोलीत कोंडू नका, ऊन पाहिजे त्याला.

कुंडीतली_अबोली | ९ जानेवारी, सकाळी ८:३०

उमललं. तोच गडद लाल. काकूंच्या कुंडीतलं माझ्याहून मोठं आहे, आणि त्या ते दिवसातून दोनदा सांगतात.

पुणेरी_माळी | ९ जानेवारी, सकाळी ९:१०

अभिनंदन! सप्टेंबरचं म्हणणं मागे घेतो. नागपूरपुरतं.

कुंडीतली_अबोली | २५ मार्च, रात्री ९:२०

पानं पिवळी पडू लागली. गेल्या वर्षी कंद नशिबाने वाचला, यंदा चार कुंड्या आहेत आणि पलंग एकच. कंद उन्हाळ्यात ठेवायचे कसे?

रेतीमाती | २६ मार्च, सकाळी ६:४०

पाणी हळूहळू तोडा. झाड पूर्ण वाळलं की खोड चार बोटं ठेवून कापा. हे चार बोटं महत्त्वाचे, कारण डेलियाचा डोळा बटाट्यासारखा अंगभर नसतो, खोड आणि कंद जुळतात त्या गळ्यापाशीच असतो. गळा तुटला की राहिला तो नुसता गोळा. कुंडीतच ठेवायचं असेल तर कोरडी कुंडी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. काढायचे असतील तर माती झटका, दोन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या रेतीत पुरून जुन्या माठात ठेवा. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी जिन्याखाली माठ असतो. कूलरच्या खोलीत ठेवू नका, तिथल्या दमट हवेने बुरशी येते. महिन्यातून एकदा उकरून पहा. सुरकुतले असतील तर रेतीवर पाण्याचा हलका शिडकावा, मऊ पडला असेल तो फेकून द्या.

खारीकखोबरं | २६ मार्च, सकाळी ९:००

आणि घरच्यांना सांगून ठेवा! मी गेल्या वर्षी कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवले होते. आषाढी एकादशीला सासूबाईंनी रताळी समजून उकडले.

वऱ्हाडी_ठेचा | २६ मार्च, सकाळी ९:०४

मंग? खाल्ले का नाही?

खारीकखोबरं | २६ मार्च, सकाळी ९:२०

सासऱ्यांनी दोन फोडी खाल्ल्या. म्हणाले, यंदाची रताळी बेचव आहेत.

हरितद्रव्य | २६ मार्च, सकाळी ९:५०

काही होत नाही. मेक्सिकोत हे कंद खायचेच. त्यात स्टार्चऐवजी इन्युलिन हा तंतुमय पदार्थ असतो, म्हणून रताळ्याची गोडी येत नाही. पण नर्सरीतून आणलेल्या झाडाला काय काय फवारलेलं असतं कोण जाणे, तेव्हा प्रयोग नको.

कुंडीतली_अबोली | १४ एप्रिल, रात्री १०:१०

चारही काढले. चार चांगले घोस निघाले, गळे शाबूत. एका घोसात तर सहा कंद आहेत. माठ मिळाला नाही, म्हणून पत्र्याच्या जुन्या डब्यात रेती भरून ठेवलेत, झाकण किलकिलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: "डेलिया. १५ ऑगस्टला पाणी. रताळी नाहीत."